यंदा गणपतीला येत नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि मग मलाच बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. माझं सिंगापूरमधलं ट्रेनिंग मी मे महिन्यापर्यंत वाढवून घेतलंय. कॉलेजला कळवलंय, इथल्या ऑफिसला होकारही दिलाय. म्हणजे यंदा गणपतीला मी नाही. शिमग्यालाही बहुतेक नाहीच.

बाबा म्हणतील, इमारतीच बघायच्या तर मुंबईत काय कमी आहेत? नाहीत कमी. पण हनोईच्या जुन्या भागातली घरं पाहिली, समोरून आपल्या पडवीएवढीही रुंद नाहीत आणि आत लांबच लांब. मध्ये छोटा उघडा चौक, उजेड-वारा काय तो तिथूनच. तिथे एक आजी उकिडवी बसून भांडी घासत होती, अगदी आपल्या मागीलदारी बसतात तशी. सेऊलमध्ये तर रस्त्याखाली गाडलेला चेओंगग्येचेओन ओढा वरचा उड्डाणपूल पाडून 2005 साली परत उघडा केला. पाणी मात्र बरंचसं हान नदीतून पंपाने आणून सोडतात. पऱ्ह्यावर स्लॅब टाकायचा विषय पुन्हा निघाला तर हे ग्रामपंचायतीत सांगा, बाबा.

आणि सिंगापूर. मरीना बेचे काचेचे मनोरे दोन दिवसांत बघून होतात. खरी मजा सरकारी वसाहतींत. इथली 80 टक्क्यांच्या आसपास माणसं तिथेच राहतात. बऱ्याच इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला, तिथेच लग्न, तिथेच मयत, एरवी म्हातारे बुद्धिबळ मांडून बसतात. 2012 पासून वयस्कांच्या घरी न्हाणीत धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी करून देतात, बहुतेक खर्च सरकारचा. आमच्या ऑफिसकडे तसलीच कामं आहेत. म्हणजे कुणा परक्या आजोबांचा दांडा किती उंचीवर हवा ते मी इथे काढत बसते आणि तुम्ही तिकडे त्या शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय ठेवून अंघोळ करता!

तेव्हा तो दगड घासून घ्या आणि दांडा बसवाच. चिऱ्याच्या भिंतीत नुसते स्क्रू धरणार नाहीत, गवंड्याकडून सिमेंटात बसवून घ्या. चित्र सोबत आहे. बाबांनी गळती काढायला कौलांवर चढायचं नाही. बीपीची गोळी चहाच्या आधी की नंतर हा वाद नको, डॉक्टरांनी सांगितलंय तशीच घ्या. रागावले नाहीये हं.

माझी काळजी नको. खोली हवेशीर आहे, लिटल इंडियात उकडा तांदूळ मिळतो, आमसुलं अजून पुरताहेत. परवा रात्री धो धो पाऊस आला, पण बंद काचेमागे आवाजच नाही. एवढी घोडी झाले तरी आईच्या गोधडीत शिरावंसं वाटलं.

मखराचं माप कळवा, डिझाइन मीच पाठवणार, कापाकापी दादाने करावी. आई, मोदकांचे फोटो पाठवू नकोस. बरं, एक पाठव.

तुमची,
छकुली