हलकी घ्यावी की जड?

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. नवी मोटारसायकल घ्यायचीय, हिरोची हलकी एक्सपल्स की रॉयल एनफील्डची जड हिमालयन, एका शब्दात सांग म्हणतोस. एका शब्दात नाही होत बाप्पा. शोरूमवाला वजन सांगतो ते रिकाम्या गाडीचं, तू मात्र गाडी भरून नेणार. म्हणून आधी हिशेब कर.

एक्सपल्स २०० ४व्ही १६० किलोच्या आसपास, हिमालयन ४५० पेट्रोल धरून १९६. म्हणजे हिमालयन जवळपास सव्वापट जड. आता त्यावर तू ८०, वहिनी ६०, बॅगा २०. एक्सपल्स झाली ३२०, हिमालयन ३५६. सव्वापट जड असलेली गाडी भरल्यावर फक्त नवव्या हिश्श्याने जड उरली. इंजिनाची ताकद मात्र १९ पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच माप) जागी ४०. वहिनी मागे बसल्या की हलकेपणाचा फायदा निम्मा उडतो आणि लहान इंजिनाचा तोटा दुप्पट जाणवतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पुढे एसटी आली की बघ. एक्सपल्सच्या १७ न्यूटन मीटर टॉर्कवर (चाक फिरवायच्या जोरावर) गिअर उतरवून, इंजिन ओरडवत ओव्हरटेक करावा लागतो, आणि तेवढ्यात वळण येतं. ४० टॉर्कवाली हिमालयन त्याच गिअरमध्ये निघून जाते.

पण हा हिशेब गाडी चालत असेपर्यंतचा. गाडी पडली की माणसं खाली, बॅगा खाली, आणि दोन गाड्यांतल्या फरकाचे ते ३६ किलो पुन्हा पूर्ण हातात येतात. पडते कुठे? हायवेला नाही. पडते रपट्यावरच्या शेवाळावर, वावराच्या बांधाशी वळवताना, नाहीतर साइड स्टँड काळ्या मातीत रुतून. त्या शेवटच्याला उपाय सोपा: चपटा गोटा किंवा फरशीचा तुकडा सोबत ठेव आणि स्टँड त्यावरच टेकव. सकाळी कडक दिसणारी माती एका सरीत लोणी होते.

उचलायची रीत आत्ताच शिकून घे. आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण) दाब, पेट्रोल गळतंय का बघ. गिअरमध्ये टाक, म्हणजे चाक सरकणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेव, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाऊन पडेल. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळव. मग सीटला पाठ लाव, एका हाताने खालची ग्रिप धर, दुसऱ्याने मागचं हँडल, आणि पाय वाकवून छोट्या छोट्या पावलांनी मागे सरक. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. पोटाकडून वाकून उचलणाऱ्याची कंबर जाते, मग गाडी १६० ची असो की १९६ ची.

वजनाइतकीच महत्त्वाची सीटची उंची, आणि तिथे लोक फसतात. या दोन्ही गाड्यांची सीट ८२५ मिलिमीटर. तू साडेपाच फुटांच्या आतला, तुझे चवडेच टेकणार. सपाटीला चालून जातं, पण रस्त्याच्या उतरत्या कडेला थांबलास तर एका बाजूचा पाय हवेत, आणि हिमालयन एकदा कलली की चवड्यावर सावरत नाही. एनफील्डचीच क्लासिक ३५० ही १९५ किलोची, पण सीट ८०५. ती कमी छळते, कारण वजन खाली आहे. डांबरावरच हिंडायचं असतं तर मी तीच सांगितली असती. पांदणीत तिचं बूड घासेल आणि चाक मडगार्डात चिखलाने गच्च होईल. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स मधली निघते: १६७ किलो, ट्यूबलेस टायर. पण सीट ८३५, म्हणजे तुझ्यासाठी आणखी वाईट.

ट्यूबलेसवरून आठवलं. एक्सपल्सला ट्यूब, हिमालयनच्या साध्या मॉडेललाही ट्यूब, आणि दोन्हींचं पुढचं चाक २१ इंची. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या वाटेवर पंक्चरवाला भेटेलही, पण त्याच्याकडे २१ ची ट्यूब असेलच असं धरू नको. पुढची एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि पंप जवळ ठेव. अडचणीत तीच ट्यूब मागच्या टायरमध्ये कोंबूनही गाव गाठता येतं. आणि भामरागडला पावसाळ्यात जाऊ नको. पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद होऊ शकते.

हिमालयनचं इंजिन पाण्याने थंड होतं. रेडिएटरवर चिखल वाळला की पंखा सारखा फिरत राहतो, आणि मे महिन्यात ती गरम हवा किती लागते ते तुला मांड्याच सांगतील. धुताना मागच्या बाजूने हळू पाणी सोड, प्रेशरने मारलं तर जाळी वाकते. चेन कोणत्याही लांब सस्पेन्शनच्या गाडीची पुस्तिकेतल्या मापाइतकी सैल हवी. मेकॅनिक सवयीने ताणून देतो, मग दोघं बसून खड्ड्यात गेलात की चेन बेअरिंगलाच ओढते.

हायवेला दणकट हवी म्हणून कोणी भरीला घातलं तर ऐकू नको. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे. राहतो नागपूर-तुळजापूर रस्ता. तिथे ८०-८५ ने एक्सपल्सही जाते, फक्त समोरून कंटेनर गेला की वाऱ्याने जरा हलते आणि तासाभरात हाताला मुंग्या येतात.

माझं मत विचारतोस तर तुझ्या जुन्या शंभर सीसीवर अवलंबून आहे. ती ठेवणार असशील तर हिमालयन घे. पावसाळ्यात वावरात जुनी ने, आणि मोठी फाट्यावर काकांच्या घरी लाव. जुनी विकून एकच ठेवायची असेल तर एक्सपल्स, आणि वहिनींसोबत घाट जरा सावकाश.

पैसे भरण्याआधी शोरूममध्ये बूट घालून जा, वहिनींना मागे बसव आणि पायांनी गाडी दहा पावलं मागे घे. उतारावर एकट्याने ढकलून वळवून बघ. सेल्समन हसला तर हसू दे.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. जुनी गाडी विकणार की नाही ते आधी कळव, मग टायर आणि बॅगांचं लिहितो.

तुझा,
सुधाकर