किन्शासा नव्हे, ह्यूस्टन

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महंमद अलीच्या गाजलेल्या लढतींची उजळणी निघाली की दोन नावे ठरलेली असतात: किन्शासा १९७४ (जॉर्ज फोरमनविरुद्ध) आणि मनिला १९७५ (जो फ्रेझियरविरुद्ध). दोन्ही लढती थरारक होत्या, यात वाद नाही. पण त्या आपल्याला आवडतात त्या अलीने बेदम मार सोसूनही बाजी मारली म्हणून. बॉक्सिंगचा पहिला धडा मात्र ठोसा चुकवण्याचा असतो. त्या कसोटीवर अव्वल ठरते ती १४ नोव्हेंबर १९६६ ची, ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममधली क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची लढत.

तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच निकाल लागला, त्यामुळे मधल्या विश्रांतीसकट सगळा ऐवज दहा मिनिटांच्या आत पाहून होतो. पण एकदा पाहून भागत नाही. पहिल्या वेळी आवाज बंद करून नुसते पाय पाहावेत. कुस्तीच्या फडातला जाणता प्रेक्षक पकडीआधी पायांकडे बघतो, तसे. अली बहुतेक वेळ स्वतःच्या डावीकडे सरकतो. समोरच्याचा डावा हात आपल्या उजव्या अंगाला असतो. म्हणजे प्रत्येक पावलागणिक विल्यम्सच्या डाव्या हुकपासून, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणाऱ्या ठोशापासून, अंतर वाढते. विल्यम्सला मारायचे तर आधी वळून पुन्हा समोर यावे लागते, आणि तो वळत असतानाच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, तोंडावर बसतो.

दुसऱ्या वेळी अलीचा डावा हात पाहावा. तो हनुवटीजवळ नसतोच, कमरेच्या आसपास लोंबत असतो. ही चूकच; कोणताही प्रशिक्षक त्यावर ओरडेल. पण त्यामुळे जॅब खालून वर येतो आणि समोरच्याच्या नजरेत उशिरा भरतो. हाताने राखायचे ते अली पायांनी आणि मानेने राखतो: ठोसा येताच धड मागे झुकवून तो हनुवटीच्या इंचभर अलीकडे संपू द्यायचा, आणि तोल गेलेल्या माणसाला लगेच उजवा हाणायचा. मागे सरकता सरकता मारलेल्या ठोशाला एरवी जोर नसतो, कारण वजन मागच्या पायावर असते. अली अर्धा क्षण पाय रोवतो, दोन-तीन ठोसे सोडतो आणि पुन्हा निघतो. दुसऱ्या फेरीत विल्यम्स तीनदा पडला, तिसऱ्यांदा तर घंटेनेच त्याला वाचवले. पुढच्या फेरीत तो आणखी एकदा पडला, उठला, आणि पंच हॅरी केसलर यांनी लढत थांबवली. याच लढतीत अलीने ‘शफल’ही दाखवली, म्हणजे दोन्ही पाय जागेवर झपाझप मागेपुढे करणे. ती शोभेचीच. समोरच्याची नजर क्षणभर खाली गेली तर तेवढाच फायदा.

आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. विल्यम्स तेव्हा ३३ वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागून त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या, एक मूत्रपिंड गेले होते. पूर्वीचा विल्यम्स राहिला नव्हता. म्हणून या विजयाला मोठा म्हणू नये. कौशल्याचा नमुना म्हणून तो पाहावा. तगडा प्रतिस्पर्धीच हवा असेल तर २५ फेब्रुवारी १९६४ ची मायामी बीचची लढत आहे. सनी लिस्टन सातव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही.

किन्शासाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर वेगळेच काही दिसते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारल्यामुळे आलेल्या बंदीत साडेतीन वर्षे गेल्यावर अलीचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते. दमट हवा, मऊ रिंग आणि वाट अडवण्यात तरबेज जॉर्ज फोरमन, यांच्यापुढे पहिल्याच फेरीत त्याला कळले की फिरत राहून आठ-दहा फेऱ्या निभणार नाहीत. मग फोरमनला मारून मारून थकू द्यायला तो रिंगच्या दोरांना टेकला. दोर मुद्दाम ढिले केल्याची दंतकथा अजून चालते. प्रशिक्षक अँजेलो डंडी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की त्यांनी ते उलट घट्ट करवून घेतले होते. लोक दोरांवरचा मार मोजतात, पण त्याच पहिल्या फेरीत अलीने जॅबशिवाय थेट उजवे ठोसे मारले, ते विसरतात. उजव्या हाताला लांबचे अंतर कापावे लागते, म्हणून व्यावसायिक मुष्टियोद्धा सहसा त्याने सुरुवात करत नाही. फोरमनची ती तयारीच नव्हती. आठव्या फेरीत तो कोसळत असताना अलीचा उजवा हात उगारलेला होता. तो ठोसा त्याने मारलाच नाही.

क्लबमध्ये शिकणारी मुले मात्र नक्कल करतात ती नेमकी दोरांची आणि खाली सोडलेल्या हातांची. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत दोरांना टेकणे म्हणजे गुण वाटणे. वर मुलगा पडलेला नसतानाही पंच लढत थांबवून उभ्याउभ्या मोजणी सुरू करतील ते वेगळेच. सरळ मागे झुकण्याची किंमत तर खुद्द अलीनेच मोजली आहे. १९६३ मध्ये हेन्री कूपरने आणि ८ मार्च १९७१ ला जो फ्रेझियरने त्याला पाडले ते डाव्या हुकनेच. डोके मागे जाते, पाय जागेवर राहतात, उजवा हात खाली असतो, आणि हुक बाजूने येऊन जबडा गाठतो. अलीकडून काही उचलायचेच असेल तर जॅबनंतर लगेच जागा बदलण्याची सवय उचलावी.

यापुढे क्रीडा पानावर त्याच्या लढतींची यादी आली, तर ह्यूस्टन वर घ्यावे आणि खाली २२ मार्च १९६७ ची झोरा फॉलीविरुद्धची लढतही जोडावी. सातव्या फेरीत संपलेली ती बंदीपूर्वीची शेवटची लढत. ते पाय त्यानंतर रिंगमध्ये कधी दिसले नाहीत.

आपला,
एक बॉक्सिंगप्रेमी वाचक, पुणे