लाकडाच्या तयारीला दोनच ओळी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी फर्निचरला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, कसा लावावा, यावर पानभर लेख आला. अक्रोड, महोगनी, रोझवूड अशा छटांचे फोटो झकास आहेत. लाकडाच्या तयारीला मात्र जेमतेम दोन ओळी: घासून जितके गुळगुळीत कराल तितके चांगले, मग पुसून स्टेन लावा. मी चिपळुणात पॉलिशचे काम करतो, वडीलही तेच करत. आमचा निम्म्याहून जास्त वेळ या दोन ओळींतच जातो, आणि त्यातली पहिली चुकीची आहे.

स्टेन लाकडात मुरायचा तर त्याची छिद्रे उघडी हवीत. चारशे नंबरचा घासायचा पेपर (नंबर जितका मोठा तितका बारीक) मारून लाकूड गुळगुळीत केले की छिद्रे बुजतात, स्टेन फडक्यावरच परत येतो आणि रंग फिका बसतो. ८०, मग १२०, मग १८०, फार तर २२०, की थांबायचे. मधला नंबर गाळायचा नाही. ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत. कोऱ्या लाकडावर ते लपतात आणि स्टेन पडला की एकूण एक वर येतात. मशिनने घासले असेल तर वाटोळे ओरखडे राहतात, म्हणून शेवटचा हात हातानेच, लाकडाच्या रेषेत मारायचा. फळीची कापलेली टोके जास्त रंग पितात आणि काळी पडतात, तेवढीच आणखी बारीक पेपरने घासावीत.

सांध्यातून बाहेर आलेला गोंद हे दुसरे दुखणे. सुतार तो ओल्या बोटाने पुसून टाकतो, दिसायला काही दिसत नाही. स्टेन लावला की तिथे पांढुरका ठिपका उठतो, कारण गोंदाखालच्या लाकडापर्यंत रंग पोचतच नाही. आम्ही आधी टर्पेंटाइनचे फडके फिरवतो आणि बल्ब बाजूने तिरका धरतो. गोंद, ओरखडे, सगळे त्या उजेडात उघडे पडते. मग तेवढी जागा पटाशीने खरवडायची आणि पुन्हा घासायची.

हे सागवानाला पुरते. सागात मूळचे तेल असते, तेव्हा स्टेनआधी थिनरने पुसून घेतले की झाले. पण आता साग परवडतो कोणाला? घरोघरी पाइन आले आहे आणि लेखातला फोटोही पाइनच्याच कपाटाचा आहे. पाइनमध्ये फिकट पट्टे मऊ आणि गडद पट्टे कठीण. मऊ पट्टा अधाशासारखा रंग पितो, कठीण पट्टा घेतच नाही. त्यामुळे स्टेन लावल्यावर फिकट ते गडद आणि गडद ते फिकट, फोटोच्या निगेटिव्हसारखे सगळे उलटे दिसते. त्यात मधेमधे ढगाळ डाग पडतात ते वेगळेच. गिऱ्हाईक म्हणते स्टेन डुप्लिकेट निघाला. बिचाऱ्या डब्याचा काय दोष?

यावर जुनाच इलाज आहे. लिटरभर स्पिरिटला साठेक ग्रॅम चपडा लाख विरघळवायची, रात्रभर ठेवून वरचे नितळ द्रावण घ्यायचे (मेण खाली बसते), त्याचा पातळ एकच हात द्यायचा, आणि सुकल्यावर २२० ने नुसते हलके चोळायचे. तहानलेल्या जागांची तहान लाखेने आधीच भागते, मग स्टेन सगळीकडे सारखा बसतो. रंग एक छटा फिका येतो, त्याला इलाज नाही. मात्र स्टेन स्पिरिटमधला असेल तर हा उपाय करू नये, लाख पुन्हा विरघळून चिखल होतो. हल्ली लाकडाच्या कंडिशनरचे तयार डबेही मिळतात. त्यांचे कामही तेच, फक्त किती वेळात स्टेन लावायचा ते डब्यावर वाचून घ्यावे. आणि फणसाचे फर्निचर असेल तर स्टेनच्या भानगडीत पडूच नये. आज पिवळे दिसणारे फणसाचे लाकूड काही वर्षांत आपोआप तांबूस तपकिरी होते.

दराविषयीही एक सांगतो. पॉलिशचे पैसे चौरस फुटावर ठरतात आणि घासाई त्यातच धरलेली असते. ‘घासायचे कसले वेगळे पैसे?’ असे म्हणणारे गिऱ्हाईक शेवटी घाईचेच काम पदरात घेते. मग कारागीर तरी दोन नंबर का गाळणार नाही?

हा लेख ऐन आषाढात छापून आपण आमच्या डोक्याला ताप वाढवला आहे. कोकणात सगळ्यांना गणपतीच्या आधी पॉलिश हवे असते, आणि नेमके तेव्हाच लाकूड दमट असते. जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे कित्येकांनी भिजलेले दिवाण वरून सुके दिसतात म्हणून गणपतीआधी पॉलिश करून घेतले. दिवाळीपर्यंत पॉलिश पांढरे पडून पापुद्रे सुटू लागले. पावसात करायचेच असेल तर निदान उघडीप बघून करावे, आणि आधी दिवाणाच्या खालच्या बाजूला वीतभर जागेत रंग लावून पाहावा.

आता खरी तक्रार. वापरलेली तेलाची फडकी ‘पुढच्या वेळेसाठी डब्यात गुंडाळून ठेवा’ असे लेखात आहे. ते अत्यंत धोकादायक आहे. स्टेनमधले जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते, फडक्यांचा बोळा आतून तापत जातो आणि काडी न लावता पेट घेऊ शकतो. अशी फडकी बाहेर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत. बाकी काही छापले नाही तरी चालेल, पण एवढी दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक पॉलिश कारागीर, चिपळूण
(नाव व पत्ता केवळ आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)