सोने शुद्ध, शेजारी बेजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत घरच्या घरी सोने शुद्ध करण्यावरील लेख वाचला. लोणच्याची कृती द्यावी तितक्या सहजतेने आपल्या लेखकाने सोने विरघळवण्यासाठी तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाचे प्रमाण दिले आहे, आणि खबरदारीपोटी हातमोजे घालावेत व खिडकी उघडी ठेवावी, एवढे एकच वाक्य खर्ची घातले आहे. त्या खिडकीविषयीच मला लिहायचे आहे.

आमच्या वरच्या मजल्यावरील गृहस्थांनी गेल्या उन्हाळ्यात तुटक्या साखळ्या, जोडीदार हरवलेली कर्णफुले आणि जुन्या संगणकांच्या सोनेरी पिना जमवून न्हाणीघरात हाच उद्योग केला. खिडकी त्यांनीही उघडी ठेवली होती. या कामात निघणारा तांबूस-तपकिरी धूर, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड असतो. तो आकाशात न जाता डक्टमधून थेट आमच्या स्वयंपाकघरात उतरला. पत्नीला खोकल्याची उबळ आली ती थांबेना, आणि या वायूमुळे फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका काही तासांनंतरही असतो म्हणून डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. जाब विचारायला वर गेलो तेव्हा शीतपेयाच्या बाटलीत भरलेले तेजाब बेसिनखाली, मुलांच्या सहज हाती लागेल असे, ठेवलेले दिसले. ओळखपत्र पाहून व नोंद करूनच आम्ल विकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे. ते कोणत्या दुकानातून आणले, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

एवढे करून हाती आलेली गोळी अपेक्षेपेक्षा बरीच लहान निघाली. द्रावणातले नायट्रिक पुरते घालवल्याशिवाय विरघळलेले सोने नीट खाली बसत नाही (आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही), आणि उरलेले द्रावण त्यांनी खायचा सोडा टाकून मोरीत ओतले. सोड्याने आम्ल मरते, पण तांबे आणि त्यांच्या बाबतीत सोनेही गटारातच जाते. सराफ बाजारातल्या गटारांची माती धुवून सोन्याचे कण काढायला निदान झारेकरी तरी असतात. आमच्या सोसायटीच्या चेंबरमध्ये कोण उतरणार? सराफाने ती गोळी पुन्हा आटवली, टंच (शुद्धता) काढला आणि घट धरूनच भाव दिला. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावरही सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) असल्याशिवाय तो विकता येत नाही, तिथे न्हाणीघरातली गोळी केवळ शब्दावर शुद्ध कोण मानणार?

सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी पिढ्यान्पिढ्या सोने आटवून शुद्ध करण्याचे काम करीत आली आहेत. मोडीचे सोने त्यांच्याकडे द्यावे, असे एक वाक्य आपल्या लेखकाला सुचले असते तर पुरवणीतील बरीच जागाही वाचली असती.

शेवटी, सांडलेले आम्ल 'भरपूर पाण्याने' धुवावे, असा सल्ला सोलापूरकरांना देणारे आपले लेखक बहुधा नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात राहत नसावेत. पूर्वी आपण पेठवार पाण्याचे वेळापत्रक छापत होता; ते अलीकडे दिसत नाही. या लेखासंबंधीचा खुलासा आणि ते वेळापत्रक, दोन्ही पहिल्या पानावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
जुळे सोलापूर