त्या टेबलावर तुझ्या आधी कोण बसायचं?

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "आई, माझ्या आधी या टेबलावर एक ताई होती. ती सोडून गेली, आता तिचं सगळं मीच बघते." आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेलीस. मी मात्र तिथेच अडकले. ती ताई पगार घ्यायची. तू पाच महिने बिनपगारी इंटर्न म्हणून तेच काम करतेयस, सकाळी नऊ ते रात्री आठ, आणि शेवटी हातात येणार एक सर्टिफिकेट. याला शिकणं कसं म्हणायचं? त्यांनी जागा भरली नाही, तुला बसवलं.

"मीच हो म्हटलं होतं," असं तू म्हणशील. म्हटलं असशील. पण कोर्ट तेवढ्यावर थांबत नाही. १९४७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे रेल्वेतल्या उमेदवारांचं प्रकरण आलं होतं. ब्रेकमनचं, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्या माणसाचं, काम शिकायला ते सात-आठ दिवस यार्डात यायचे, बिनपगारी. निकाल रेल्वेच्या बाजूनं लागला. का, तर त्यांच्यामुळे कुणा कामगाराची जागा गेली नव्हती, उलट त्यांना शिकवताना रेल्वेचंच काम कधीकधी रखडायचं. निकाल मालकाच्या बाजूचा असूनही मला तो पटतो. खरं शिकवायचं तर शिकवणाऱ्याचा वेळ जातो. तुला शिकवताना तिथे कुणाचं काम अडतं का गं? तू एक दिवस रजा घेतलीस, तर मात्र अडतं.

पुढे २०११ मध्ये काही इंटर्न फॉक्स सर्चलाइट या चित्रपट कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. त्यांची कामं काय, तर कॉफी करणं, झेरॉक्स काढणं, जेवणाच्या ऑर्डरी घेणं, कचरा टाकणं. २०१३ मध्ये खालच्या कोर्टानं सांगितलं, हे कर्मचारीच आहेत. पण २०१५ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला आणि नवी कसोटी आली: या उमेदवारीचा मुख्य फायदा कुणाला होतो? काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं आहे का, शिकण्यापुरतीच मुदत आहे का, इंटर्न पगारी माणसाच्या हाताखाली आहे की त्याच्याच जागी, हे सगळं मिळून बघायचं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानंही तीच कसोटी घेतली. मला ती अपुरी वाटते. कारण प्रत्येकाची परिस्थिती वेगवेगळी तपासायची म्हटलं की सगळ्यांनी मिळून एकच दावा लावणं अवघड होतं, आणि एकेकट्या पोराला वकील कुठून परवडणार?

म्हणूनच तू रोजच्या कामाची नोंदवही ठेवावीस, हा माझा आग्रह. तुला कधी सांगितलं नाही, पण तुझ्याच वयाची असताना मी एका ऑफिसात आठ महिने फुकट राबले. "आधी हात बसू दे, मग पगाराचं बघू," असं म्हणायचे. शेवटी धीर करून एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, कधी लागलीस? रोज किती तास? काम कोण सांगायचं? कागद काय आहे? माझ्याकडे एक चिटोरंही नव्हतं. टाइप केलेल्या शेकडो पत्रांवर सही साहेबांची होती. त्या बाईंनी पेनाला टोपण लावलं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

तू तसं करू नकोस. आलीस कधी, निघालीस कधी, काम कुणी दिलं, ते कुठे वापरलं गेलं, रोज चार ओळी लिही. आणि वही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको, स्वतःजवळ ठेव. कामाचे मेसेज पुसू नकोस. "मी स्वेच्छेनं, मोबदल्याशिवाय" असा कागद पुढे आला तर सही करायच्या आधी मला फोन कर. अमेरिकेत काय किंवा ब्रिटनमध्ये काय, जो कायद्यानं कामगार ठरतो त्याला किमान वेतनाचा हक्क सही करूनही सोडता येत नाही. आणि तक्रारीला मुदत असते, ती आपली वाट बघत नाही.

आणखी एक, हे लिहिताना हात जड होतोय. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टानं एका इंटर्न मुलीची लैंगिक छळाची तक्रार ऐकूनच घेतली नाही. पगार नाही म्हणजे ती कर्मचारी नाही, आणि कर्मचारी नाही म्हणून संरक्षण नाही. ओरड झाली, तेव्हा २०१४ मध्ये त्या शहरानं कायदा बदलून इंटर्नना त्यात घेतलं. पगाराबरोबर आणखी काय काय जातं, ते यावरून कळेल.

तुझी भीती मला कळते. नाव खराब होईल, पुढे कुणी घेणार नाही. पण दर वेळी एकट्या मुलीनंच पुढे व्हायला हवं असं नाही. बेल्जियममधल्या बोगस इंटर्नशिपबद्दल २०१७ मध्ये युरोपियन यूथ फोरम या संघटनेनं युरोपच्या सामाजिक हक्क समितीकडे तक्रार केली. तिथे संघटनाच तक्रार करते, कुणा एका इंटर्नला आपलं नाव द्यावं लागत नाही. कामगार तपासणी यंत्रणा असल्या इंटर्नशिप पुरेशा पकडत नाही, असा ठपका समितीनं बेल्जियमवर ठेवला. तेव्हा आधी तुझ्याबरोबरच्या बाकीच्या इंटर्नशी बोल. तुझ्यासारख्याच त्याही गप्प बसल्या असतील. मग कामगार संघटना किंवा मोफत कायदा सल्ला केंद्र शोधू, मी येईन बरोबर.

रुजू होताना आलेल्या पत्राचा फोटो आज रात्रीच पाठव. आणि त्या ताईचा नंबर कुणाकडे मिळतो का बघ. तिला किती पगार होता, एवढंच विचारायचंय.

तुझी,
आई