तेलविहीर मिळाली, जहाज कुठे?

महोदय,

तेल कंपनी सरकारजमा करणे म्हणजे एक कायदा आणि फाटकावर नवी पाटी, असे लिहिले-बोलले जाते. इराणचे उदाहरण जरा बारकाईने पाहावे. मार्च 1951 मध्ये तिथल्या संसदेने तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा ठराव मंजूर केला. ऑक्टोबरमध्ये तोवर तिथले तेल काढणाऱ्या अँग्लो-इराणियन या ब्रिटिश कंपनीचे उरलेसुरले ब्रिटिश कर्मचारी आबादान हे तेलशुद्धीकरणाचे शहर सोडून गेले.

घोडे अडले ते वाहतुकीत. विहिरी, नळवाहिन्या आणि त्या काळचा जगातला सर्वांत मोठा शुद्धीकरण कारखाना हाती आला. पण टँकरचा, म्हणजे तेलवाहू जहाजांचा, ताफा कंपनीचा, गिऱ्हाईकही तिचेच. माल उचलला गेला नाही की टाक्या भरतात, टाक्या भरल्या की कारखाना थांबवावा लागतो आणि मग विहिरींचे व्हॉल्व्ह बंद करणे आलेच. 1950 मधले दिवसाला सुमारे साडेसहा लाख बॅरलचे उत्पादन 1952 मध्ये तीस हजारांच्याही खाली आले. 'रोज मेरी' हे जहाज तेल घेऊन निघाले, तर ब्रिटिशांनी ते आपल्या ताब्यातल्या एडन बंदरात नेऊन अडकवले.

1954 च्या करारात मालकी नावापुरती इराणची राहिली; कारभार परदेशी कंपन्यांच्या गटाकडे गेला आणि त्यात जुन्या कंपनीचा वाटा 40 टक्के!

सौदी अरेबियाने घाई केली नाही. अराम्को या अमेरिकी मालकीच्या तेल कंपनीत 1973 मध्ये 25 टक्के, 1974 मध्ये 60 टक्के आणि 1980 मध्ये संपूर्ण मालकी घेतली. तंत्रज्ञ आणि खरेदीदार दोन्ही टिकले.

— एक वाचक, ठाणे