मालक दहा वाजता का येतो

नाशिक,
रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सकाळी दहापर्यंत पोरांच्या मागे असतोस, मग धंदा बघतो कोण?" मी हसण्यावारी नेलं, कारण धाकटी त्या वेळी भिंतीला केळं फासत होती. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. तुम्ही जन्मभर पहाटेची गाडी काढलीत. मालकानेच उशिरा यावं हे तुम्हाला पटायचं नाही, आणि फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

हिची सकाळची ड्युटी असली की ती सहाला हॉस्पिटलला जाते. पुढचं सगळं माझ्याकडे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शॉपची पहिली पाळी सातला लागते. म्हणजे दोन लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) तीन तास माझ्याशिवाय चालतात. दोन वर्षांपूर्वी ती तीन मिनिटंही चालत नव्हती.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. थोरल्याच्या डब्याचं झाकण आठवडाभर सापडेना. शेवटी फ्रिज सरकवला, तर मागे झाकणाचे दोन तुकडे, मोडकी पट्टी, कान तुटलेला कप. साहेबांचं गोदामच होतं तिथे. विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, "तू आधी ओरडतोस, मग विचारतोस." (हो बाबा, तो मला अरे-तुरे करतो. तुम्हाला आवडत नाही, माहीत आहे.)

त्याच आठवड्यात शॉपवर भंगारवाल्यासाठी लोखंडाच्या किसाची ट्रॉली उपसली आणि तळातून सहा बुश निघाले, म्हणजे आम्ही बनवतो त्या धातूच्या नळ्या. दिसायला चकचकीत, पण बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठं झालेलं. आमच्याकडे नियम असा की खराब पीस लाल पेटीत टाकायचा आणि वहीत लिहायचा. महिनाभर लाल पेटी जवळजवळ रिकामी होती आणि मी खुशीत होतो, पोरं काय काम करतायत म्हणून! ते सहा बुश हातात घेतले तेव्हा मला फ्रिजच दिसला.

आता बाबा, हे तुम्हाला लागेल कदाचित, पण लिहितो. कामावरच्या हिशेबात रोकड कमी भरली की त्या रात्री तुम्ही जेवताना बोलायचा नाहीत. कमी पडलेले पैसे खिशातून भरायचे. मी सातवीत असताना एका महिन्यात असं दोनदा झालं आणि माझी सहल बुडाली. मी तेव्हा रडलो नाही, उलट मला तुमचा अभिमान वाटला. शॉप सुरू केल्यावर मीही तोच नियम लावला: पीस खराब झाला तर त्याचे पैसे पगारातून. वाटलं, शिस्त लागेल. लागली ती लपवायची सवय. तुमच्या हिशेबातली चूक तुमच्याच खिशात येऊन थांबायची. माझ्याकडे लपवलेला एखादा बुश चांगल्या मालात मिसळून गिऱ्हाइकाकडे गेला तर अख्खा लॉट परत येतो, हा फरक मी धरलाच नव्हता.

कपात बंद केली. दुसऱ्या महिन्यात लाल पेटीत 43 पीस पडले. माझ्या पोटात गोळा आला. पण वही आता खरी होती, आणि वाचल्यावर दिसलं की त्यातले बहुतेक पीस सकाळच्या पहिल्या तासातले. रात्रभर थंड पडलेलं मशीन तापत जातं तशी साइझ सरकते, आणि आमचं बोअर 20 एच7, म्हणजे 20.000 ते 20.021 मिलिमीटर. एकवीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या एकवीस हजारांश भागांची गल्ली. आता सातला आल्यावर वीस मिनिटं स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, नुसतं फिरवतात, मग पहिला पीस लावतात. इतकं साधं होतं. मला मात्र वर्षभर दिसलं नाही, कारण सकाळचे पीस ट्रॉलीच्या तळाशी जात होते.

आई, पुढचं तुझ्यासाठी. धाकटी सध्या "माझं मी" वर आली आहे. सॅंडलचा पट्टा माझं मी, वरणभात माझं मी, जिन्याच्या एकवीस पायऱ्या माझं मी. खाली व्हॅन हॉर्न मारतेय, दादा व्हॅनमध्ये बसलाय, आणि ही पायरीवर बसून उजवा सॅंडल डाव्या पायात कोंबतेय. पहिले काही दिवस मी उचलून सरळ घालून द्यायचो. मग एकदा तिने दोन्ही सॅंडल काढून फेकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा तू आठवलीस. बालवाडीत मूल बटणाशी झुंजत असलं की तू हात पाठीमागे बांधून उभी राहायचीस. मी विचारलं होतं, असं का? तू म्हणालीस, "नाहीतर माझे हात आपोआप पुढे जातात."

मीही हात बांधले. आणि त्याच दिवशी शॉपवर लक्षात आलं की तिथे माझे हात सुटेच आहेत. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजलं की बोअर बारीक होत जातं, मग मशीनला ऑफसेट, म्हणजे तेवढ्या दुरुस्तीचा आकडा, द्यावा लागतो. दोन बटणांचं काम. पण आयटीआय करून आलेला आमचा पोरगा दर वेळी मला हाक मारायचा, मी केबिनमधून धावायचो, आकडा टाकायचो, परत जायचो. दोघं मुलं हात-पाय-तोंडाच्या आजाराने पडली आणि मी तीन दिवस घरी अडकलो, तेव्हा ते मशीन जवळजवळ उभंच होतं. दोष मी त्याला दिला होता. मनातल्या मनात, पण दिला होता.

मग त्याला म्हटलं, तू दे. पहिल्याच दिवशी त्याने 0.02 च्या जागी 0.2 टाकला आणि गेज न लावता अकरा पीस काढले. मग गेजची नो-गो बाजू, जी बोअरमध्ये जायलाच नको, ती सुळकन आत गेली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी हात मागे बांधून उभा होतो. आतून काय चाललं होतं ते विचारू नकोस. अकराचे अकरा त्याने स्वतः लाल पेटीत टाकले, वहीत लिहिले. आता मशीनवर त्याच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "टिंब बघ." मी लावलेल्या सगळ्या पाट्यांपेक्षा ती जास्त वाचली जाते.

पण सगळंच काही जमलं नाही. उत्साहाच्या भरात मी एक तक्ता लावला. रिजेक्शन नसेल त्या दिवशी नावापुढे चांदणी, थोरल्याच्या दात घासण्याच्या तक्त्यासारखी. आमचे सेटर काका, मशीन कामाला लावून देणारे, पंचावन्नचे, त्यांनी तक्ता पाहिला, डबा उचलला आणि बाहेर झाडाखाली जाऊन जेवले. दुपारी आत येऊन एवढंच म्हणाले, "साहेब, मी तिसरीत नाही." तक्ता काढला. लाज वाटली. मुलांकडून जे शिकलो ते माझ्याबद्दल होतं, माझ्या ओरडण्याबद्दल, माझ्या घाईबद्दल. ते सोडून मी कामगारांनाच पोरं करून ठेवलं होतं. काका अजून थोडे तुटकच असतात.

वसुलीचं थोडक्यात. "आता टीव्ही बंद करीन" हे मी दिवसातून दहादा म्हणायचो आणि करायचो नाही. मुलांना ते पाठ झालं होतं. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकालाही मी चार महिने "पुढचा लॉट देणार नाही" म्हणत होतो आणि टेम्पो भरत होतो. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा 2006 पासून कायदा आहे, आणि वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्याला आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. हे सगळं मी त्यांना मेलवर ऐकवत बसलो होतो. डिसेंबरात लॉट खरंच थांबवला. अर्धे पैसे आठवड्यात आले. त्यांचा पर्चेसवाला आता गोड बोलत नाही. चालायचंच.

आई, तू कोसबाडला ट्रेनिंग घेतलंस तेव्हाचं नेहमी सांगायचीस: ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पण पाड्यावरची मुलं धाकट्या भावंडांना सोडून येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी. आणि महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून बिया, शंखशिंपले, पानं. मी लहानपणी हे शंभरदा ऐकलं आणि शंभरदा कंटाळलो. सकाळची मीटिंग केबिनमध्ये घ्यायचो तेव्हा सात माणसं सात खांबांसारखी उभी राहायची. आता दहाला आलो की केबिनमध्ये जातच नाही, एकेका मशीनपाशी उभा राहतो. बोलतात. कधीकधी नको तेवढं बोलतात.

तर बाबा, दहापर्यंत धंदा बघतो कोण, याचं उत्तर, काका आणि तो टिंबवाला पोरगा. पुढच्या महिन्यात याल तेव्हा सकाळी सातला तुम्हाला शॉपवर सोडतो. स्वतः बघा. चहा काकांच्या हातचा घ्या, त्यांना तुमच्या वयाचं कुणी आलं की बरं वाटतं.

चिकू मिळाले. पाठवताना थोडे कच्चे पाठवत जा, धाकटी पिकलेले भिंतीला लावते.

तुमचा,
बंड्या

ता. क. आई, तुझी ती बटणांची लाकडी चौकट माळ्यावर अजून आहे का? असली तर येताना घेऊन ये. निम्मी बटणं तुटलेली असली तरी चालतील.